देवमाशाच्या बोटीवरची विळी

२८ ऑगस्ट १९९८, शुक्रवार

...दूध वर आलं तसा मी गॅस बारीक केला. संपदाच्या दोन वेण्या घातल्या, तिला शाळेच्या बसपर्यंत सोडून आले, तांदूळ धुऊन निथळत ठेवले. मग नारळ फोडला आणि विळी पुढे ओढली, तर ती हलेना. वाकून बघितलं. चार स्क्रू. विळी फरशीत ठोकून बसवलेली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. हे दारात उभे होते, हातात चहाचा कप.

"आता घसरणार नाही," म्हणाले.

"घसरायला हे काय जहाज आहे? भाड्याची खोली आहे. मालक ओरडेल."

हसले. "सवय," म्हणाले. एवढंच.

ही वीस वर्षांपूर्वीची सकाळ. तेव्हा आम्ही इथेच आखातात, देऱ्यातच मागच्या गल्लीत राहायचो. आज नारळ खवताना ती उगाच आठवली, म्हणून पहिल्या पानावर लिहिली. संपदाने ऑफिसमधली डायरी आणून दिली आहे. म्हणाली, "आई, बाबांच्या वह्या उतरवून झाल्या ना? आता तुझं लिही."

हे जाऊन दोन वर्षं पाच महिने झाले. चार वह्या मागे ठेवून गेले. तरुणपणी डर्बनला देवमाशांची शिकार करणाऱ्या बोटीवर दोन हंगाम काढले, त्याच्या आठवणी. मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून आणि संपदाच्या जुन्या पुस्तकांतून, चाळिशी उलटल्यावर, कोणाला न सांगता. ह्यांना पण सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. त्यामुळे वह्या वाचायलाच वर्ष गेलं आणि चांगल्या अक्षरात उतरवायला आणखी एक. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी परवा त्या अण्णासाहेबांकडे दिल्या.

खरं ते लिहिते. हे होते तेव्हा मी ह्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. "घराएवढा मासा" म्हणाले की मी म्हणायची, "हो, आणि त्याला दारं-खिडक्या पण होत्या." शारजाच्या खाडीवर जहाजं ओढणारी एक निळी टगबोट दाखवून म्हणायचे, "ती बघ, आमची म्हातारी. मी डर्बन सोडलं, ती माझ्या मागे मागे इथे आली." मी म्हणायची, "चला, मासळी संपेल."

४ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णासाहेब स्वतः घरी आले. मंडळाचे अध्यक्ष, पंचवीस वर्षं शिपिंगचा धंदा. माणूस वाईट नाही. खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि वह्या टीपॉयवर ठेवल्या तेव्हाच मला कळलं.

"वहिनी, लिखाण फर्स्ट क्लास आहे. पण आठवणी म्हणून छापता येणार नाही."

"का?"

"त्या काळात आपल्या पासपोर्टवर छापलेलंच असायचं, साउथ आफ्रिकेला चालणार नाही म्हणून. भिकाजीरावांच्या खलाशी पुस्तकात डर्बनचा शिक्का आहे का?"

नाही. ते मी आधीच पाहिलं होतं. ह्यांनी लिहिलंय की मालवाहू बोटीवर असताना ताप मेंदूत गेला, तेव्हा डर्बनच्या इस्पितळात टाकून बोट पुढे गेली. बरे झाले तेव्हा जवळ फक्त ट्रंक, हातात कागद नाही, जायला जागा नाही. देवमाशाच्या बोटीला माणूस हवा होता. त्यांनी कागद विचारला नाही. ज्याला कागदच नव्हता त्याला शिक्का कुठून मिळणार?

मी हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पटल्यासारखी नव्हे, समजूत काढल्यासारखी.

"मी त्या नावाची बोट पण शोधली. रजिस्टरमध्ये नाही. मोठमोठे लोक अंक वाचतात हो. उद्या कोणी म्हणालं की मंडळ थापा छापतं, तर? त्यापेक्षा आपण असं करू. वर लिहू, 'काल्पनिक कथा'. नाव त्यांचंच."

संपदाची इशिता तिथेच गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "काल्पनिक मीन्स फेक, राइट?"

 मी वह्या उचलून आत ठेवल्या.

"वहिनी, रागावू नका. दसऱ्यापर्यंत अंक प्रेसला जातो. काही पुरावा असेल तर दाखवा. नसेल तर गोष्ट म्हणून जाऊ दे. खलास."

६ सप्टेंबर

अण्णासाहेबांचा राग नाही आला. तीस वर्षं मी हेच म्हणत होते. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, एवढाच फरक.

शहनाझला सांगितलं. शहनाझ शेजारच्या फ्लॅटमधली, मूळची रत्नागिरीकडची. आम्ही दोघी मिळून डबे करतो, तिच्याकडे मासळी, माझ्याकडे भाजी आणि पोळ्या. ती मासे साफ करता करता म्हणाली, "भाबी, तू पहिले सांग. तुला काय वाटतं? गेला होता की नव्हता?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मग अण्णाला काय बोलतेस? जा, सगळं परत वाच. वकिलासारखं वाच."

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट कबूल करायची आहे. मी वह्या पूर्ण वाचल्या नव्हत्या.

पहिल्या दोन वह्यांत समुद्र आहे. डोलकाठीवर पिंप बांधलेलं, त्यात एक माणूस उभा, त्याला लांब पाण्याचा फवारा दिसला की ओरडायचा. कप्तानाच्या खोलीपासून पुढच्या टोकापर्यंत अधांतरी लोखंडी पूल, त्यावरून तोफवाला पळत सुटायचा. मग तोफेतून भाला. मेलेल्या माशात हवा भरून त्याला झेंडा लावून सोडून द्यायचे आणि दुसऱ्याच्या मागे जायचे. ह्यांनी लिहिलंय, "मासा बोटीला बांधला की त्याचा डोळा माझ्या खिडकीसमोर येई. आमच्या तांबूचा डोळा तसा होता. त्या दिवशी मी जेवलो नाही." तांबू म्हणजे सासरची गाय. हे सगळं मी उतरवलं.

तिसऱ्या वहीचं अर्धं स्वयंपाकाचं आहे. ते मी वाचलं नाही आणि उतरवलंही नाही. कारण हे बोटीवर भंडारी होते, म्हणजे जेवण रांधणारे. गावात आणि इथेही मी नेहमी "खलाशी" सांगत आले. पुरुषाने भाकऱ्या थापल्या हे मला कमीपणाचं वाटायचं. शिवाय स्वयंपाकात मला काय शिकवणार, असंही वाटलं.

आज डबे दिले, न्हाणं केलं आणि ती पानं घेऊन बसले. इथे उतरवते.

"लाटेत शेगडीवरचं भांडं टिकत नसे, त्याला लोखंडी कठडा होता. विळीची मोठी पंचाईत. बोट कलली की विळी एकीकडे आणि मी दुसरीकडे. एकदा पोटरी फाटली. मग इंजिनवाल्याकडून चार बोल्ट मागून घेतले आणि विळीचा पाट जमिनीत पक्का केला. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. बोट कशीही कलली तरी पात्यावर पडत नाही. गोरे बघायला येत. बसून चिरतो म्हणून हसत. नारळ घालून केलेली आमटी मात्र मागून खात."

इथपर्यंत वाचून मी उठले आणि पाणी प्यायले. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे.

पुढचं पान: "विळी कृष्णाची. लग्नात तिच्या बापाने दिलेली. निघताना मी कोणाला न सांगता ट्रंकेत घातली. नवीन घेता आली असती. बोट एकदम सोडावी लागली तेव्हा ती तिथेच राहिली, बोल्ट काढायला वेळ मिळाला नाही. घरी आलो तर विळीवरून दोघी जावांचं भांडण पेटलेलं. मी गप्प बसलो. पुढे बोलायची हिंमत झाली नाही. ही आता वाचते, चोरून. म्हणून लिहितो."

मी ह्या माणसाला काय म्हणू? बत्तीस वर्षं मी गिरिजाबाईंशी, माझ्या मोठ्या जावेशी, बोलले नाही. विळी त्यांनी माहेरी पोचवली असं मी भर अंगणात म्हटलं होतं. त्या रडल्या होत्या. हे तिथेच पडवीत बसून होते.

आणि नवीन घेता आली असती हे कळत होतं, तर घेतली का नाही? बाजारात लोखंडी विळ्या काय कमी होत्या? लग्नाच्या बायकोची कशाला न्यायची? शहनाझला वाचून दाखवलं तर ती डोळे पुसायला लागली. म्हणाली, कांदा. कांदा तर सकाळीच चिरून झाला होता.

१३ सप्टेंबर

मी वाचते हे ह्यांना ठाऊक होतं. मग एकदाही म्हणाले का नाहीत?

शेवटच्या वहीत त्या निळ्या टगबोटीचं दीड पान आहे. तोफ काढली, नाव बदललं, रंग बदलला, पण पुढे जाणारा तो लोखंडी पूल तसाच. हे चढायला गेले तर वॉचमनने सोडलं नाही.

गणूला विचारलं. गणू गुहागरकडचा, पन्नाशीचा, शारजाला जुन्या बोटी तोडण्याच्या यार्डात फोरमन आहे. आमचा डबा खातो.

"निळी? पुढे पूल असलेली? काकी, ती आमच्याच यार्डात आहे. येत्या शनिवारी कटिंगला लागणार."

"शनिवारी?"

"कापायचे गॅस सिलेंडर पण आले."

१५ सप्टेंबर, मंगळवार

आज गेले. शहनाझ बरोबर. टॅक्सीवाल्याने पंचवीस दिरहम सांगितले तर ती म्हणाली, "पावणेतीनशे रुपये? हबीबी, बोट विकत घ्यायची नाही, फक्त बघायची आहे." वीसवर आला.

बोट कलंडून उभी होती, रंगाचे पोपडे निघालेले. पण तो पूल होता. कप्तानाच्या खोलीपासून पुढच्या टोकापर्यंत, अधांतरी. मी खाली वाळूत उभी राहून त्याच्याकडे बघतच राहिले. "चला, मासळी संपेल" म्हटलं होतं मी.

गणूने डोक्यावर पिवळी टोपी घातली आणि शिडी धरली. साडी खोचून चढले. छप्पन्नाव्या वर्षी बोटीवर चढले. शहनाझ खालून ओरडत होती, "खाली बघू नको भाबी, अल्लाचं नाव घे, तुझ्या गणपतीचं घे, कोणाचं पण घे!"

स्वयंपाकघर सापडलं. स्टीलचं बेसिन, नवा ओटा. विळी नाही, बोल्ट नाही, काही नाही.  मनात म्हटलं, झालं. काल्पनिक.

गणू म्हणाला, "काकी, हे तर मागून केलेलं किचन आहे. जुनं असेल तर मागच्या बाजूला असेल, रंगाचे डबे ठेवतात तिथे."

ती खोली म्हणजे माझ्या मोरीएवढी. खिडकी एकच, गोल. गणूने आणि त्याच्या माणसाने डबे बाहेर काढले. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड. विळी.

पातं झिजून बोटभर उरलं होतं, कडुनिंबाच्या पानासारखं. दोन हंगामांत एवढं झिजत नाही. गणू म्हणाला, ह्यांच्या मागून जे जे भंडारी आले ते सगळे हिच्यावर बसले असणार. मागे एक केरळचा होता, तो म्हणायचा बोटीवर खवणी फार चांगली आहे. काढून न्यायचा विचार कोणी केला नाही, कारण बोल्ट निघत नव्हते.

पाटाच्या पुढच्या कडेला पितळी पट्टी होती. रंगाने भरलेली. मला माहीत होतं तिथे काय आहे. लग्नात बाबांनी बोट ठेवून दाखवलं होतं, "हे तुझं नाव." तेव्हा मला त्या नुसत्या रेघा दिसल्या होत्या. गणूने थिनर दिलं. पदराने घासत बसले. ठोके देऊन काढलेली अक्षरं एकेक वर आली. मी वाचलं. पहिल्यांदा वाचलं.

"काय लिहिलंय, काकी?"

"कृष्णा भिकाजी बोरकर. आडे. शके अठराशे पंच्याऐंशी."

गणूने टोपी काढली. म्हणाला, "देतो काढून. आत्ता कापतो बोल्ट."

"नको," मी म्हटलं. "अण्णासाहेबांना इथेच बघू दे. काढून नेली तर म्हणतील बाजारातून आणली."

"पण शनिवारी..."

"शुक्रवारी आणते त्यांना."

१६ सप्टेंबर

फोन केला. अण्णासाहेब म्हणाले, शुक्रवारी मीटिंग आहे. मी म्हटलं, ठीक. मग मी तुमच्या मीटिंगला येते आणि तिथे वाचून दाखवते. त्यांनी डायरीची पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

१८ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णासाहेब पांढऱ्या बुटात आले. शिडी चढताना त्यांचा श्वास लागला. पूल बघून थबकले, त्याच्या कठड्यावर हात फिरवला.

"व्हेल कॅचर आहे खरी," पुटपुटले. "हा पूल दुसऱ्या कुठल्या बोटीला नसतो."

 त्यांना त्या खोलीत नेलं. पट्टी वाचायला त्यांना चष्मा लागला. मला लागला नव्हता.

"नाव तुमचं आहे. मान्य," म्हणाले. "पण वहिनी, शंका माझी नाही, लोकांची सांगतो. बोट इथे आल्यावर भिकाजीरावांनी वर येऊन बसवली असेल तर?"

  एवढ्यात गणू पुढे झाला, हातात छिन्नी.

"साहेब, तुम्ही कागद बघता. मी लोखंड बघतो. खाली बसा."

"खाली?"

"विळी बघायची तर खालीच बसावं लागतं, साहेब."

अण्णासाहेब पांढऱ्या पँटीत उकिडवे बसले. गणूने विळीच्या कडेची जमीन छिन्नीने उकरली. वर हिरवा थर, तो इथला, टगबोट झाल्यावरचा. त्याच्याखाली करडा सिमेंट. त्याच्याखाली लाकडी फळ्या. तिन्ही थर विळीच्या पाटापर्यंत येऊन थांबलेले, पाटाच्या आकारात कापलेले. मग त्याने गॅसने बोल्ट कापले आणि पाट उचलला. खाली सगळ्यात जुनं लोखंड, तांबड्या रंगाचं, जसं कारखान्यातून आलं तसं.

"विळी आधी, थर मागून," गणू म्हणाला. "प्रत्येक मालकाने नवी जमीन घातली आणि विळी सोडून घातली. आता बोला."

अण्णासाहेब बराच वेळ त्या तांबड्या चौकोनाकडे बघत राहिले. मग उठायला लागले तर गुडघ्यांतून उठवेना. मी हात दिला.

"वहिनी," म्हणाले, "आठवणी. पहिल्या पानावर. आणि ही स्वयंपाकाची पानं तुम्ही मला का दिली नाहीत?"

"मला लाज वाटली."

"कशाची?"

त्याचं उत्तर आज माझ्याकडे नव्हतं. तीस वर्षं होतं.

शिडीखाली शहनाझ उभी. मी वरूनच विळी उंच धरली. यार्डातल्या सगळ्या माणसांना वाटलं काय मोठं सापडलं. तिने अशी शिट्टी मारली की पठाण वॉचमन खुर्चीतून उठला.

२७ सप्टेंबर

स्वयंपाकाची सगळी पानं उतरवून दिली. विळीचं, जावांच्या भांडणाचं, हे गप्प बसले त्याचंसुद्धा. संपदा म्हणाली, "आई, घरातलं भांडण छापायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, ह्यांनी लिहिलंय ना, मग छापायचं. ज्या पानांची मला लाज वाटली, तीच उपयोगाला आली.

बोट कापून झाली म्हणे. गणूने पुलाचा वीतभर तुकडा आणून दिला आहे. कुठे ठेवायचा ते कळत नाही. सध्या तांदळाच्या डब्यावर आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

अंक निघाला. हॉल भरला होता. देऱ्यातले, शारजातले, अबुधाबीहून पण दोन गाड्या आल्या. मागे कामगारांच्या कॅम्पमधली मुलं उभी होती, गणूने आणलेली, सगळी धुतलेल्या कपड्यांत.

अण्णासाहेबांनी भाषणात सगळं सांगितलं, "मी ह्याला काल्पनिक म्हणालो होतो" हेसुद्धा. एवढं ते बोलतील असं वाटलं नव्हतं. मग म्हणाले, आता वहिनी वाचतील. हे ठरलेलं नव्हतं.

मी आयुष्यात माइक धरला नाही. अंक हातात घेतला. वर ह्यांचं नाव, खाली "डर्बन, देवमाशाची बोट: एका भंडाऱ्याच्या आठवणी". अक्षरं आधी पोहायला लागली. मग मी बोट ठेवून वाचलं, जसं घरी वाचते तसं. हळू. फवारा, पिंप, पूल, तोफ. तांबूचा डोळा. मग विळीचं पान. "नवीन घेता आली असती" इथे आले तर हॉलमध्ये असं काही झालं की मला थांबावं लागलं. बायका नाक ओढत होत्या. मला वाटलं माझंच काही चुकलं, एखादी ओळ गाळली. परत ती ओळ वाचली. आणखीच.

"ही आता वाचते, चोरून. म्हणून लिहितो." इथे संपवलं आणि बसले.

टाळ्या किती वेळ चालल्या ते सांगता येत नाही. कॅम्पमधली मुलं "भिकाजीकाका की जय" म्हणून ओरडली. नंतर त्यातला एकजण येऊन म्हणाला, "काकी, मी पण किचनमध्येच आहे. घरी सुपरवायझर सांगितलंय. आता सांगून टाकतो." इशिता स्टेजवर मांडलेल्या विळीजवळ उभी राहून येईल त्याला सांगत होती, "धिस इज माय आजीज. इट्स रिअल."

घरी येताना टॅक्सीत अंक मांडीवर होता. ह्यांचं नाव छापलेलं. खाली कुठेही काल्पनिक नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठले. दूध तापवलं, इशिताच्या वेण्या घातल्या, तांदूळ धुऊन ठेवले. गणूने काल रात्री नवे बोल्ट लावून दिले आहेत, त्या विळीवर बसून दोन नारळ खवले. मग हात धुतले, गावी आड्याला फोन लावला आणि गिरिजाबाईंना म्हटलं, "जाऊबाई, मी कृष्णा. विळी सापडली."